अकरा नंबरची पेटी

मेहुण्याने भिंतीवर तिसरा तक्ता चिकटवला आणि खोडरबरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तक्त्यावर लाल शाईत लिहिलं होतं, 'गिऱ्हाईक वाढवू नका, गिऱ्हाइकाचा खर्च वाढवा.' खाली तीन रेघा ओढल्या होत्या, म्हणजे कुणाला शंका राहायला नको.

मेहुणा म्हणजे दादाच्या बायकोचा भाऊ. आधी तो बूट विकणाऱ्या कंपनीत होता, मग गाद्या विकणाऱ्या, आणि गेल्या वर्षापासून सल्लागार झाला होता. कुणाचा, तर दादाचा, कारण दुसऱ्या कुणी अजून त्याला सल्ला विचारला नव्हता. दादा हा खोडरबरचा सख्खा थोरला भाऊ आणि छापखान्यावरच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या या प्रकाशनाचा मालक. खोडरबर त्याची धाकटी बहीण. आईवडिलांनी तिला चांगलं नाव ठेवलं होतं, पण बावीस वर्षं दादाचं लिखाण खोडण्यात आणि सुधारण्यात गेली, त्यात ते नावही खोडलं गेलं. खालचे छापखानेवाले तिला तोंडावर खोडरबर म्हणत आणि ती ओ देई.

या प्रकाशनातून कादंबऱ्या निघत नसत. इथून एक खेळ निघत असे, 'सात वेशी' नावाचा. टेबलाभोवती चार-पाच माणसं बसतात, त्यातला एक सूत्रधार. तो सांगतो की तुम्ही एका शहराच्या बंद वेशीपाशी उभे आहात, आत दिवे दिसताहेत, पहारेकरी झोपेचं सोंग घेऊन पडलाय. बोला, काय करता? बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, कुणी चोर, कुणी वैद्य, कुणी घरातून पळालेली राजकन्या, आणि त्याच्या तोंडून बोलायचं. जमेल की फसेल असा पेच आला की फासे टाकायचे. सोंगट्या नाहीत, कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. हे ऐकून ज्याला हसू येतं त्याने एकदा बसून बघावं. खेळात रमलेल्या भल्याभल्यांना जेवायला तीन-तीन हाका माराव्या लागताना खोडरबरने पाहिलं होतं.

खेळ दादाचा. कॉलेजात असताना त्याने तो पाठकोऱ्या कागदांवर लिहिला आणि मित्रांना गोळा करून खेळवला. बारा वर्षांची खोडरबर त्यात चोर व्हायची, कारण बाकीची पात्रं मित्रांनी आधीच बळकावलेली असत. दादा सूत्रधार झाला की घसा बसेपर्यंत बोलायचा. म्हातारी भिकारीण, तिचं कुत्रं आणि शहराचा राजा, तिघांचे आवाज तो एका दमात काढायचा. त्या दादावर भाळून ती या धंद्यात पडली होती. आता तो दादा टेबलाच्या टोकाला बसून मेहुण्याच्या तक्त्याकडे माना डोलावत होता.

ठरवायचं होतं ते एवढंच, की यंदा काय काढायचं. दोन गोष्टी काढण्याइतकं भांडवल नव्हतं. एकतर मेहुण्याची 'शाही आवृत्ती', नाहीतर खोडरबरची 'पहिली पेटी'.

पहिली पेटी तिने तीन वर्षं घरी बसून केली होती. साध्या पुठ्ठ्याचं खोकं, चाळीस पानी पुस्तक, चार तयार पात्रं, फासे, आणि एका संध्याकाळची मोहीम. ज्यांनी हा खेळ जन्मात पाहिला नाही अशा चौघांनी खोकं उघडावं आणि पाव तासात खेळायला लागावं, एवढाच तिचा हट्ट. त्यासाठी तिने ते पुस्तक नऊ वेळा लिहिलं. दाताच्या डॉक्टरकडे ताटकळलेल्या माणसांना, खालच्या मशीनवाल्याच्या सासुरवाडीला, शेजारच्या दोन भांडखोर जावांना, ज्यांना खेळाचा गंध नाही अशा सगळ्यांना तिने ते देऊन पाहिलं. माणसं कुठे अडतात ते गप्प बसून बघायचं आणि घरी येऊन तेवढं खोडायचं. त्या पेटीचा पुठ्ठ्याचा नमुना आत्ता टेबलावर तिच्यासमोर होता, आणि मेहुण्याने त्यावर चहाचा कप ठेवला होता.

"ताई, राग मानू नका हं," मेहुणा म्हणाला. ज्याला राग आणायचाच असतो तो माणूस अशीच सुरुवात करतो. "पण हिशेब बघा. टेबलावर पाच जण बसतात. पुस्तक कोण विकत घेतं? एकटा सूत्रधार. बाकीचे चौघं फुकटे. म्हणजे धंदा मुळात पाचातल्या एकावर. त्यात तुमच्या पेटीची किंमत सिनेमाच्या दोन तिकिटांएवढी. कागद, फासे, खोकं, वाहतूक, दुकानदाराचा वाटा. शेवटी हातात काय, तर धुपाटणं."

"आणि शाही आवृत्तीचं?" दादाने विचारलं. उत्तर त्याला पाठ होतं, फक्त ते पुन्हा एकदा गोड आवाजात ऐकायचं होतं.

"चामड्याची बांधणी, पानांच्या कडांना सोनेरी मुलामा, धातूचे फासे, मखमलीची पिशवी. प्रत्येक पेटीवर नंबर. सहा वर्षांपूर्वी तुम्ही तीनशे काढल्यात, अकरा दिवसांत उडाल्या! यंदा पंचविसावं वर्ष. पाचशे काढू, किंमत दुप्पट. आगाऊ नोंदणीतच सगळं वसूल."

"घेणारे तेच," खोडरबर म्हणाली.

"तेच तर सोनं आहे, ताई."

"काय सोनं? दर वर्षी तेच तीनशे! पत्त्याच्या चिठ्ठ्या मी चिकटवते, तुम्ही नाही. पूर्वी चौथ्या मजल्यावर राहायचे ते आता तळमजल्यावर आलेत, गुडघे गेले म्हणून. नवा माणूस एक नाही. हे संपले की मग कुणाला विकणार, भुतांना?" तिने कप उचलून दाणकन बाजूला ठेवला. नमुन्याच्या झाकणावर ओलं वर्तुळ उमटलं होतं. "दादा, तू बोल ना."

"दोघांचंही बरोबर आहे," दादा म्हणाला.

दादाचं हे नेहमीचं. ज्याच्या विरुद्ध निकाल द्यायचा असेल त्याला तो आधी बरोबर ठरवायचा. त्याच्या खणात चामड्याचे तीन नमुने आठवडाभर पडलेले तिने पाहिले होते, तपकिरी, काळा आणि एक वांग्याच्या रंगाचा. म्हणजे वरात निघाल्यावर नवरीला विचारत होते, की बाई तुझी पसंती आहे ना.

"खोल्यांचं भाडं वाढलंय गं," दादा म्हणाला. "कागद कुठच्या कुठे गेलाय. मला झोप लागत नाही. तुझी पेटी चांगली आहे, कोण नाही म्हणतंय? पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी तू तीन वर्षांपूर्वीच म्हणाला होतास."

तेवढ्यात जिन्यात धापा आणि खोकी आपटल्याचा आवाज आला. आधी एक हमाल आत आला, दोन खोक्यांच्या मागे तोंड लपलेला. त्याच्यामागे एक बाई. साठीच्या आसपासच्या, पांढरे केस घट्ट मागे बांधलेल्या, चेहऱ्यावर घरून निघतानाच भांडणाची तयारी.

"सात वेशीवाले तुम्हीच ना?" बाई म्हणाल्या. "मी अकरा नंबरची."

खोडरबर उभीच राहिली. शाही पेटी घेणाऱ्यांना पत्रं त्यांच्या नंबरानेच जात. 'प्रिय क्रमांक अकरा' असं तिने स्वतः कितीदा लिहिलं होतं. पेटीच नव्हे, तर प्रकाशनाची प्रत्येक वस्तू छापून येताच मागवणारा, एकदाही तक्रार न करणारा माणूस.

"साहेब नाही आले?" तिने विचारलं.

"चार महिने झाले त्यांना जाऊन. खाली टेम्पोत अजून बारा खोकी आहेत. सगळी तुमचीच. ठेवून घ्या. मी लहान घरात जातेय, तिथे या कपाटाला जागा नाही."

दादाने खुर्ची दिली, वाईट वाटलं म्हणून सांगितलं, आणि त्याला खरंच वाईट वाटलं असावं. मेहुण्याने मात्र तोवर एक खोकं उघडलं होतं. आतल्या वस्तू तो एकेक काढून उजेडात धरत होता, कोपरे तपासत होता, बाजारात बैलाचे दात बघतात तसे.

"अहो, सगळं वेष्टनात! एकाला हात लागलेला नाही! बाई, तुम्हाला कल्पना नाही हे काय आहे. ही शाही पेटी बघा. अकरा नंबर. न फोडलेली. आज हिचे चौपट येतील, मी मिळवून देतो."

"द्या की," बाई म्हणाल्या. "पण आधी मला आत काय आहे ते बघायचंय. उघडा ती."

"उघडा?" मेहुण्याने पेटी छातीशी धरली. "अहो, उघडली की किंमत निम्म्याच्या खाली!"

"कुणाची पेटी आहे ती?"

मेहुण्याने पेटी छातीपासून जरा दूर केली.

"अख्खं एक कपाट अडवलं होतं या माणसानं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण एकेक शब्द टेबलावर ठेवल्यासारखा येत होता. "त्याला हात लावायचा नाही. फडकं मारायचं तेही कोरडं. मुलीनं लहानपणी एका वेष्टनाला नख लावलं, तर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. एरवी कधी घरात आवाज चढवला नाही हो त्यांनी, देवमाणूस होता. म्हणून विचारते, आत होतं तरी काय एवढं? मी काय सांभाळत होते, ते मला कळायला नको?"

खोडरबरने मेहुण्याच्या हातातून पेटी काढून घेतली. पार्सलं बांधायचा कटर तिच्या खिशात असायचाच. तिने पातं एक घर पुढे सरकवलं आणि वेष्टन या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडलं. मेहुण्याच्या तोंडून 'आई गं' निघालं.

झाकण निघालं. मखमलीची पिशवी, धातूचे फासे, आणि काळ्या चामड्यातली दोन पुस्तकं, प्रत्येक पुन्हा स्वतंत्र वेष्टनात. एक नियमांचं पुस्तक आणि एक कोरी वही, खेळाची टिपणं लिहायला. दोन्ही बाहेरून हुबेहूब सारखी, कारण दादाला ती तशीच हवी होती. खोडरबरने वरचं सोडवून बाईंच्या पुढ्यात उघडलं. कोरं होतं.

"ही वही," ती म्हणाली. "पुस्तक खालचं."

तिने खालचं फोडलं. पहिलं पान कोरं, दहावं कोरं, मधलं कोरं. तिने अंगठ्याखालून सगळी पानं सरसर सोडली. कडांचा सोनेरी मुलामा लकाकला आणि आत एका अक्षराचा ठिपकाही नव्हता.

"ही पण वहीच," ती म्हणाली.

कुणी काही बोलायच्या आत ती जिना उतरून जिन्याखालच्या कोठीत गेली. सहा वर्षांपूर्वी अडीअडचणीला म्हणून चार जादा पेट्या ठेवल्या होत्या. त्या तिने वर आणल्या आणि एकामागून एक फाडल्या. पहिलीत दोन वह्या. दुसरीत दोन नियमांची पुस्तकं. तिसरीत दोन पुस्तकं. चौथीत दोन वह्या. एकाही पेटीत जोडी नव्हती.

आता तिला ते तीन दिवस लख्ख आठवले. बांधणीवाल्याकडून खोकी आली होती. कोपरे दबले की गिऱ्हाईक कुरकुरतं, म्हणून प्रत्येक पुस्तक त्याने तिकडेच वेष्टनात घालून दिलं होतं. एका खोक्यात एक पुस्तक, एक वही, असं आलटूनपालटून असणार, असं ती धरून चालली होती. बांधणीवाल्याने मात्र अर्ध्या खोक्यांत नुसती पुस्तकं आणि अर्ध्यांत नुसत्या वह्या भरल्या होत्या. वेष्टन फोडून बघायचं कुणी? फोडलं की माल गेला. "दोन-दोन उचला, दोन-दोन," असं तीच सगळ्यांना ओरडून सांगत होती. चूक बांधणीवाल्याची नव्हती, दादाचीही नव्हती. चूक शंभर टक्के तिची होती. स्वल्पविरामासाठी दादाशी तासभर भांडणाऱ्या खोडरबरने तीनशे पेट्या चुकीच्या भरून पाठवल्या होत्या.

"दीडशे लोकांना आपण कोऱ्या वह्या विकल्या," ती म्हणाली. "दोन-दोन."

"आणि दीडशे लोकांना एकच पुस्तक दोनदा," दादा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"सहा वर्षं झाली, दादा. एकाचं पत्र आलं नाही."

"काहीतरीच. पत्रं आली होती की."

"आली होती. सगळी मीच वाचली. एकानं लिहिलं, वेष्टनावर ओरखडा आहे, बदलून द्या. एकाला आठ नंबर हवा होता, आठ त्याचा लाडका म्हणे. एकानं लिहिलं, पार्सलच्या टेपला वास येतो. टेपचा वास आला त्यांना! आत पुस्तकच नाही, हे तीनशे माणसांत एकाला कळलं नाही!" तिचा आवाज आता खालपर्यंत गेला असावा, कारण मशीनचा खडखडाट मध्येच थांबला. स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता, आणि त्याहून मोठा राग कुणावर काढावा ते तिला कळत नव्हतं.

आणि नेमका त्या वेळी मेहुणा हसला. वाईट हेतूने नव्हे. त्याला खरोखर काहीतरी सुचलं होतं.

"म्हणजे आत छापायची गरजच नाही!" तो म्हणाला. "दाजी, विचार करा ना. थट्टा सोडा, पण आतला कागद हलका घेतला तरी कुणाला पत्ता लागणार नाही. खर्च तिथेच तिसऱ्या हिश्श्यानं कमी. आणि ही चुकलेली आवृत्ती म्हणून उद्या बोभाटा झाला ना, तर भाव अजून चढेल. चुकीच्या छापलेल्या नोटेला, पोस्टाच्या तिकिटाला चढतो तसा."

"हे या खोलीबाहेर जाता कामा नये," दादा घाईने म्हणाला.

"मी बाहेरचीच आहे," बाई म्हणाल्या.

त्यांच्याकडे सगळ्यांनी एकदम पाहिलं. बाईंनी कोरी वही मांडीवर घेतली होती आणि पानं उलटत होत्या, हळूहळू, एकही न गाळता, जणू पुढे कुठेतरी काही असेल.

"त्यांना हा खेळ यायचा हो," त्या म्हणाल्या. "मुलं अगदी लहान होती तेव्हा खेळायचे. कुठेकुठे पांगले मग त्यांचे मित्र. दर वर्षी तुमचं नवीन काहीतरी यायचं. मी म्हणायची, उघडा की एखादं. तर म्हणायचे, चार जण जमले की उघडू. असं एकट्यानं उघडण्यात काय मजा?" त्यांनी वही मिटली. "आम्ही घरात चौघं होतो."

त्यांनी बोटांवर मोजलं.

"मी, ते, मुलगी, मुलगा. रोज संध्याकाळी एका टेबलावर जेवायचो. एकदा विचारलं नाही या माणसानं. मला म्हणायचे, तुम्हाला नाही कळायचं गं ते, तीनशे पानं वाचायला लागतात आधी. असतील लागत. मला काय माहीत? मी आपलं फडकं मारत होते." आता त्यांचा आवाज फुटला, पण रडण्याने नव्हे, संतापाने. "कुणावर चिडू आता मी? गेलेल्या माणसावर चिडता येतं का?"

खोडरबरला वाटलं, आपण काहीतरी बोलायला हवं. पण जे बोलायचं ते तीन वर्षं घासूनपुसून टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून ठेवलेलं होतं. तिने ते खोकं बाईंच्या पुढे सरकवलं. बाईंनी झाकणावरचं चहाचं वर्तुळ बोटाने पुसून पाहिलं.

"हे उघडलेलं चालतं का?" त्यांनी विचारलं.

"उघडल्याशिवाय चालतच नाही," खोडरबर म्हणाली.

बाईंनी झाकण काढलं. अगदी वर एक कागद होता आणि त्यावर मोठ्या अक्षरांत एवढंच, 'आधी काही वाचू नका. ज्याला गोष्ट सांगायला आवडते त्याच्या हातात हा कागद द्या.' बाईंनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि कागद तसाच हातात धरून बसल्या.

खोडरबर दादाकडे वळली.

"ऐकलंस? चौघं घरात होते. पाचातला एक विकत घेतो म्हणून आपण त्या एकालाच पिळतोय, आणि बाकीचे चौघं त्याच्या शेजारी बसून जेवताहेत! आपली गिऱ्हाइकं तीनशे नाहीत रे, बाराशे आहेत. त्यांच्या घरात आहेत. मला बाहेर शोधायलासुद्धा जायचं नाही."

"ताई, भावना वेगळ्या आणि धंदा—" मेहुण्याने सुरुवात केली.

"तुम्ही गप्प बसा. मी माझ्या भावाशी बोलतेय."

दादाने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अगं, मला काय कळत नाही का? पण उद्या ही पेटी पडून राहिली तर? शाहीचं कसं, पैसे आधी येतात. तो माणूस उघडतो की कपाटात ठेवतो, ते आपण कशाला बघायचं? त्याचा आनंद त्याला. त्यातही आनंद असतो."

"तुझी कुठाय?"

"काय?"

"एक नंबर. तुझी पेटी. पहिली तूच घेतली होतीस ना?"

एक नंबर त्याच्या मागच्या काचेच्या फडताळात होता, मधल्या खणात, एकटाच. दादाने वळून पाहिलं. खोडरबरनेही पाहिलं. वेष्टन शाबूत होतं.

"काढ," ती म्हणाली. "आत्ता उघडू. आत नियमांचं पुस्तक निघालं तर तुझी शाही आवृत्ती. मी एक अक्षर बोलणार नाही, रात्रंदिवस बसून तपासून देईन. वह्या निघाल्या तर माझी पेटी. फासे टाकण्यासारखंच आहे. तुझाच खेळ आहे, दादा. अर्धी संधी तुझी."



दादा उठला. त्याने फडताळ उघडलं, पेटी दोन्ही हातांनी काढली आणि टेबलावर ठेवली. खोडरबरने कटर पुढे केला. त्याने तो घेतला. तिला वाटलं, आता तो म्हातारीच्या आवाजात काहीतरी बोलेल, म्हणेल, बोला, वेशीपाशी उभे आहात, काय करता? ती मनातल्या मनात चोर होऊन तयारसुद्धा राहिली. खरं सांगायचं तर त्या घटकेला तिला आपण हरलो तरी चालणार होतं. आत पुस्तक निघालं असतं तरी चाललं असतं. त्याने एकदा ते फाडायला हवं होतं, बस्स.

दादाने पातं वेष्टनाच्या कडेला टेकवलं. मग दुसऱ्या हाताचा अंगठा पेटीवरच्या सोनेरी एकावरून फिरवला, एकदा, दोनदा.

"नको गं," तो म्हणाला. "किंमत जाईल."

हे तो इतक्या हळू म्हणाला की मेहुण्यालाही ते पूर्ण ऐकू आलं नसावं. खोडरबरला आलं. तिने भावाचा चेहरा नीट पाहून घेतला. मग तिने त्याच्या हातातून कटर काढून घेतला, पातं आत सरकवलं आणि खिशात टाकला.

"बाई, चला," ती म्हणाली. "मी खोकं धरते. घरी कोण कोण असतं आता?"

"मुलगी येते शनिवारी. जावई, नातू."

"म्हणजे चौघं झालात."

"ताई, तो नमुना कंपनीचा आहे," मेहुणा म्हणाला.

"कंपनीनं आत्ताच नको म्हटलाय. तुम्हीही ऐकलंत." तिने खोक्याचं झाकण लावलं, आणि टेबलावरच्या तिच्या तीन पेन्सिली, पट्टी आणि चष्म्याचं घर पिशवीत भरायला घेतलं.

दादाला आत्ता कुठे लक्षात आलं, की ती बाईंना खालपर्यंत सोडायला निघाली नव्हती. "अगं, असं काय करतेस? दुपारी बोलू ना शांतपणे. तू गेलीस तर शाहीचं पुस्तक कोण तपासणार? महिन्याभरात छपाईला द्यायचंय. तीनशे पानं आहेत!"

"तपासायचंय कशाला?" खोडरबर दारातून म्हणाली. "कोरंच बांध. तुझ्या गिऱ्हाइकांना कळणार नाही. तुलाही कळणार नाही."

ती जिना उतरून गेली. तिच्यामागून बाई उतरल्या, कठडा धरून, एकेक पायरी. मेहुण्याने फाटलेली वेष्टनं गोळा करून टोपलीत टाकली आणि म्हणाला, की दाजी, वांगी रंगच घेऊ, फोटोत उठून दिसतो. दादा बरं म्हणाला. एक नंबरची पेटी त्याने फडताळात परत ठेवली, नंबर समोरून दिसेल अशी.